संगीतकाराचा दुसरा विषय

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या राज्यात, हिशेबखात्याचा एक वरिष्ठ अधिकारी होता. पद श्रीकरणाधिपतीचं. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत येऊन राहिले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत वर चढले आणि मुलाच्या हाती राज्याचं दफ्तर आलं. घरात वैद्यकी होती, शास्त्रांचा अभ्यास होता. दिवसभर जमाखर्च पाहणाऱ्या या माणसाचं नाव शारंगदेव. त्याने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ आजही संगीताच्या पदवी परीक्षेत एका तरी प्रश्नाला कारण होतो.

ग्रंथाचे सात अध्याय. पहिल्यात स्वरांकडे वळण्याआधी शारंगदेव देहाची उत्पत्ती, गर्भाची वाढ, नाड्या, चक्रं सांगत बसतो. परीक्षेला बसणारी मुलं हा भाग बिनदिक्कत गाळतात. त्यांना दोष देता येत नाही, गाइडमध्येही तो नसतो. पण आवाज देहातून निघतो, तेव्हा आधी देह समजून घ्या, असा वैद्यकीच्या घरातल्या त्या माणसाचा सरळ हिशेब आहे. आपल्या कामाची गोष्ट मात्र तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायाच्या सुरुवातीला येते. गीताचे शब्द आणि चाल दोन्ही स्वतः करतो तो वाग्गेयकार. शब्दांना तिथे मातू म्हटलं आहे आणि चालीला धातू. असा रचनाकार व्हायचं तर काय काय यायला हवं, याची लांबलचक यादी शारंगदेव देतो. संगीतरचनेच्या पदवीला कोणत्या अटी असाव्यात, हा प्रश्न आपल्या मुलखात एवढ्या तपशिलाने कुणी सोडवलेला मला तरी दुसरा माहीत नाही.

यादी सुरू होते व्याकरणापासून. मग शब्दकोश, छंद, अलंकार, रस आणि भाव. पुढे देशस्थिती, म्हणजे कुठल्या मुलखात काय रीत आहे याची जाण. मग भाषा, एकदोन नव्हे, होतील तेवढ्या. कलांची शास्त्रं. गाणं, वाजवणं, नाचणं या तिन्हींत गती. इतकं झाल्यावर कुठे गोड आवाज, लय, ताल आणि देशी रागांची ओळख या संगीतातल्या गोष्टींची पाळी येते. त्यांच्या मागोमाग स्वभावाच्या अटी आहेत. राग आणि द्वेष सोडलेला असावा, मन ओलं असावं, कुठे काय शोभतं ते कळावं, समोरच्याच्या मनातलं ओळखता यावं. दुसऱ्याची उष्टी उक्ती वापरू नये, चाल नवी करावी, आणि वेळ आली तर झटपट करावी. यातली द्वेष सोडण्याची अट कुठल्याही विद्यापीठाला आजवर अभ्यासक्रमात बसवता आलेली नाही. संगीत विभागांना ती बसवायची असेल असंही दिसत नाही.

यादीनंतर प्रतवारी येते. शब्द आणि चाल दोन्हींत पक्का तो उत्तम. चाल जोरकस पण शब्द लंगडे, तो मध्यम. शब्द सुंदर पण चाल मंद, तो अधम. आणि दुसऱ्याच्या तयार चालीत आपले शब्द बसवणारा तो कुट्टिकार. या कुट्टिकाराची गाठ पुढे मराठी रंगभूमीवर पडणार आहे.

रचनाकाराला संगीताबाहेरचंही यायला हवं, ही या यादीची मूळ अट. आज अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या जेकब्ज संगीत विद्यालयात एक पदवी मिळते. तिचं नावच मुळी संगीत आणि बाहेरचं एक क्षेत्र असं आहे. संगीतरचना शिकणाऱ्याने सोबत रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, संगणक, एखादी भाषा, असं काही तरी नेटाने शिकायचं, तरच पदवी. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या तक्त्यात मुख्य विषयाशेजारी दुय्यम विषयाचा रकाना आणला, तेव्हा अनेकांनी हे अमेरिकेहून आलं असं धरलं. रकाना तिकडचा असेल, अट इकडची जुनी आहे. मधली शे-सव्वाशे वर्षंच काय ती आपण ही अट विसरलो होतो. ती कशी सुटली आणि कुठे सुटली नाही, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी युरोपकडे एक नजर टाकू, कारण पदवी नावाचा प्रकार तिकडून आला. तिथल्या मध्ययुगीन विद्यापीठांत संगीत हे अंकगणित, भूमिती आणि खगोल यांच्या पंगतीला बसायचं. गाता येतं की नाही, हा तिथे प्रश्नच नव्हता. स्वरांतरांचं गणित यायला हवं. १४६४ साली केंब्रिजने हेन्री ॲबिंग्डन याला संगीताची पदवी दिली. नोंद सापडते अशा सगळ्यांत जुन्या पदव्यांपैकी ही एक. गंमत अशी की संगीताची स्वतंत्र पदवी निघाली आणि बाहेरचे विषय गळायला लागले. काही वर्षं संगीताचा अभ्यास केल्याचं सांगायचं, एक रचना सादर करायची, पदवी घ्यायची. विद्यापीठात राहायचीही सक्ती नाही. पुढची काही शतकं ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधला संगीताचा पदवीधर इतर पदवीधरांच्या लेखी जरा खालचाच राहिला. एकोणिसाव्या शतकात लेखी परीक्षा आल्या आणि सामान्य शिक्षणाची अट आली, तेव्हा कुठे तो वर आला. अमेरिकेत हार्वर्डने १८७५ साली जॉन नोल्स पेन यांना संगीताचे प्राध्यापक केलं आणि संगीत इतर ज्ञानशाखांच्या शेजारी नेऊन बसवलं. इंडियानाची पदवी त्याच वळणावरची आहे.

महाराष्ट्रात ही यादी ग्रंथातून बाहेर पडून कुठे जगली असेल, तर ती कीर्तनात. नारदीय कीर्तनकार घ्या. पूर्वरंगात निरूपण करायचं तर संस्कृत हवं, संतवाङ्मय हवं, वेदान्त हवा. उत्तररंगात आख्यान लावायचं तर इतिहास-पुराण हवं आणि आर्या, साकी, दिंडी, कटाव या वृत्तांवर हुकूमत हवी. रागदारी हवी, तालाचं भान हवं, आणि समोरच्या शेतकऱ्याला झोप लागत आली तर विनोदही हवा. अडलं तिथे जागच्या जागी पद जुळवून गायचं. शारंगदेवाच्या यादीतली झटपट रचना ती हीच. याची परीक्षा नव्हती, प्रमाणपत्रही नव्हतं. दुसऱ्या गावचं बोलावणं आलं की उत्तीर्ण.

या शिदोरीवर मराठी संगीत रंगभूमी उभी राहिली. अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरीत नोकरी करणारे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला, तेव्हा त्यातली पदं त्यांचीच होती. कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावणीच्या आणि कानडी मुलखातल्या चाली, जे कानावर होतं त्यात त्यांनी शब्द बसवले. शारंगदेवाच्या कसोटीने हे कुट्टिकाराचं काम. पण कुट्टिकार हलका असतो हे मला पटत नाही. कुठल्या प्रसंगाला कुठली चाल हे ओळखणं ही रचनाच आहे, आणि ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’ यांच्या नाटकवेड्यांनी तो निकाल कधीच दिला आहे. गोविंद बल्लाळ देवल त्याच वाटेचे.

फाटा फुटला तो १९११ साली. ‘मानापमान’चे शब्द खाडिलकरांचे आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये खाडिलकरांच्या पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी. दोन्ही नाटकांतलं संगीत इतकं उंचीचं की त्यात काही सुटलं असं म्हणायला जीभ धजत नाही. तरी सुटलं. मातू एकाच्या पदरात, धातू दुसऱ्याच्या. बोलपट आले तशी ही वाटणी कायमची झाली आणि गीतकार व संगीतकार अशा दोन पाट्या लागल्या. चाल करणाऱ्याला व्याकरण, छंद आला पाहिजे ही सक्ती त्या वाटणीत गेली. ज्यांना येत होता त्यांचं काम वेगळं उठून दिसलं, पण ती सक्ती नव्हती, हौस होती.

दुसरी भिंत उभी राहिली वर्गात. तिचा इतिहास जरा सावकाश सांगायला हवा, कारण तो ज्यांनी घडवला ते स्वतः त्या भिंतीत मावणारे नव्हते. विष्णु नारायण भातखंडे १८६० सालचे, वाळकेश्वरचे. १८८५ साली बीए, १८८७ साली एलएलबी, पेशा वकिलीचा. गायन उत्तेजक मंडळी या पारशी मंडळींच्या संस्थेत त्यांचं गाणं वाढलं. पुढे वकिली सोडून ते हिंडले, उस्तादांच्या घरी बसले, ज्या बंदिशी तोंडातोंडी होत्या त्या कागदावर आणल्या. उलटतपासणी हा त्यांचा हातखंडा. दोन घराण्यांत एकाच रागाबद्दल दोन साक्षी निघाल्या की ते दोन्ही नोंदवत, तोलत आणि मग निर्णय लिहीत. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ वाचताना कोर्टाची शिस्त जाणवत राहते. ‘चतुर’ या नावाने त्यांनी स्वतः बंदिशीही बांधल्या. कायदा हा त्यांचा बाहेरचा विषय होता आणि संगीतातलं त्यांचं सगळं काम त्या विषयाने घडवलं.

विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला आणलं. राजाश्रयाशिवाय, लोकवर्गणीवर आणि जलशांच्या तिकिटांवर संगीताची शाळा चालवता येते, हे त्यांनी दाखवलं. सभ्य घरातल्या मुलामुलींनी गाणं शिकावं, गाणाऱ्याला मान असावा, हा त्यांचा ध्यास. हिशेब, छपाई, वाद्यदुरुस्ती, भाषण, संघटन हे सगळं त्या शाळेच्या आसपास घडत होतं.

या दोघांच्या कामातून परीक्षा उभी राहिली. १९३१ मध्ये पलुसकर गेले. त्याच साली त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या क्लासांत ठाऊक आहे. तिने केलेलं काम लहान नाही. मिरजेपासून मुंबईपर्यंत कुठल्याही मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला संगीताची दारं उघडली ती याच शिडीने. पण परीक्षा म्हटली की मोजता येईल तेवढंच ती विचारणार. एक पेपर शास्त्राचा, एक परीक्षा प्रत्यक्ष गाण्यावाजवण्याची. इतके राग, इतके ख्याल, इतके ताल. स्वरलिपीत बंदिश लिहा, दोन रागांतला फरक सांगा. स्वतःची बंदिश बांधा, हा या शिडीचा कणा कधीच नव्हता. छंद शिका, भाषा शिका, मुलखाच्या रीती शिका हे तर दूरच. वकिलाने आणि संघटकाने उभारलेल्या व्यवस्थेत वकिली आणि संघटन यांना जागा उरली नाही. इथे कुणाचा कट नव्हता. परीक्षेला वेळापत्रक लागतं, वेळापत्रकात मावेल तेच शिकवलं जातं.

एवढं होऊनही चांगले रचनाकार बाहेरचा विषय घेऊनच येत राहिले. वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरीला होते. शारंगदेवाच्या खात्यातलाच माणूस म्हणायचा. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्या पदवीधर. त्यांनी स्वतःच्या बंदिशींची पुस्तकं काढली, सरगमवर प्रबंध लिहिला, एसएनडीटी विद्यापीठाचा संगीत विभाग सांभाळला. अशोक दा. रानडे इंग्रजी-मराठी साहित्याचे आणि कायद्याचे. १९६८ ते १९८३ मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक. आवाजसाधना, नाट्यसंगीत आणि लोकसंगीत या तिन्हींवर त्यांनी लिहिलं, तेही आदिम संगीतापासून चित्रपटसंगीतापर्यंत सगळं एकाच टेबलावर मांडून. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र निघालं आणि संगीत, नृत्य, नाट्य पुन्हा एका छपराखाली आलं. गाणं, वाजवणं, नाचणं या तिन्हींत गती असावी ही जुनी अट निदान इमारतीपुरती तरी पाळली गेली.

आता नवा तक्ता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांचा हवाला आहे. गायन, चित्रकला यांच्या जोडीला रसायन आणि गणितही कलांतच मोजलं जायचं, असा त्यामागचा युक्तिवाद. महाराष्ट्राने एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीचा आराखडा ठरवला. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची १६० ते १७६ ची. मुख्य विषयाशेजारी १८ ते २० क्रेडिटचा दुय्यम विषय. तो आपल्याच विद्याशाखेतला घ्या किंवा परक्या. खुला विषय १० ते १२ क्रेडिटचा, आणि तो मात्र परक्या विद्याशाखेतलाच घ्यायचा. शिवाय भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग. उलट दिशेचं दारही आहे. विज्ञानाच्या किंवा वाणिज्य शाखेच्या मुलाला सहअभ्यासक्रमात सादरीकरणाच्या कला घेऊन क्रेडिट मिळवता येतात. वर्गातल्या शिकवण्याचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट; हाताने करायचं काम असेल तर तीस तास.

कागदावर हे शारंगदेवाला आवडलं असतं, निदान हिशेब म्हणून. अडचण अशी की रकाने भरायला आले की महाविद्यालयं जवळ जे असेल ते भरतात. संगीताच्या विद्यार्थ्याला दुय्यम विषय म्हणून काय द्यायचं, तर ज्या शिक्षकाचा कार्यभार कमी पडतो त्याचा विषय. याला बहुविद्याशाखीय शिक्षण म्हणणं ही थट्टा आहे.

ही अट कुठे सुटली नाही ते पाहायला आता जामसरला येऊ. पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यात, भात आणि नागलीच्या उतारांवरचं हे गाव. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडायचा, त्याआधी १९४८ पर्यंत तो मुकण्यांच्या जव्हार संस्थानात होता. संस्थानाची परंपरा आपली सुरुवात चौदाव्या शतकाच्या आरंभाची सांगते, म्हणजे देवगिरीचे यादव मोडत होते तोच काळ. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी वस्ती. या गावातल्या एखाद्या मुलीला बारावीनंतर संगीतरचना शिकायची झाली, तर संगीतरचना या नावाची वेगळी पदवी आपल्याकडे सहसा नसतेच. गायन किंवा वादन घ्यायचं, तेही मुंबई-पुण्याकडे जाऊन. मग तिथे तिला दुसरा विषय विचारतील. तो तिच्या घरामागे मांडवावर लोंबतो आहे, हे तक्ता भरणाऱ्याला ठाऊक नसतं.

तारपा हे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. तो कसा होतो ते पाहा. वरचा फुगीर भाग म्हणजे वाळवलेला भोपळा. वेल जमिनीवर पसरू दिला तर फळ वाकडं होतं. मांडवावर चढवून लोंबू दिलं तर सरळ, लांब वाढतं. म्हणजे वाद्याचा पहिला निर्णय पावसाळ्याच्या तोंडाशी, बी टोचतानाच घ्यायचा. फळ वेलीवर पुरतं जून व्हायला हवं. कोवळं काढलं तर वाळताना सुरकुततं आणि कुजतं. मग आतला गर आणि बिया काढून पोकळी मोकळी करायची. भोपळ्याच्या खाली बांबूच्या दोन नळ्या बसतात, त्यांच्या तोंडाशी बारीक जिभा. जीभ जाड राहिली तर स्वर उठत नाही, पातळ झाली तर चिरकतो. नखाएवढ्या चिपेवर सगळं अवलंबून. नळ्यांना भोकं पाडायची ती कानाने, पट्टीने नव्हे. खालच्या टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. जोड सगळे मधमाशीच्या मेणाने बुजवायचे, कारण हवा कुठून सुटली तर वाद्य मुकं. वाद्य कधी माणसाच्या उंचीइतकं, कधी त्याहून मोठंही होतं. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा धरून नाकाने आत घ्यायची, तोंडाने सोडत राहायची. नाच तासन्‌तास चालतो, तोवर सूर अखंड.

यात शेती आहे, झाडांची ओळख आहे, माशीच्या पोळ्याचा हंगाम आहे, सुतारी आहे, श्वासाचं शास्त्र आहे. आणि रचनाही आहे. तारपकरी मधे उभा, भोवती बायापुरुष एकमेकांच्या कमरेला धरून नागमोडी फेर धरतात. जिव्या सोमा म्हशे यांनी जगभर नेलेल्या वारली चित्रांतलं वळसेदार वर्तुळ ते हेच. तारपकऱ्याने चाल बदलली की पाय बदलतात. कोण दमलं, कोण रंगात आलं, कुठल्या चालीला फेर आवळेल, कुठल्या चालीला सैल पडेल, हे पाहून तो चाल निवडतो, जोडतो, वळवतो. समोरच्याचं मन ओळखणं, मुलखाची रीत जाणणं, झटपट रचणं: शारंगदेवाच्या यादीतले हे तीन विषय त्याचे पैकीच्या पैकी. व्याकरण, कोश, अलंकार यांत मात्र तो नापास. मुंबईच्या पदवीधराची गुणपत्रिका बहुधा नेमकी उलटी असते.

तारप्याच्या चालीला शब्द लागत नाहीत. शब्द आहेत धवलेरीकडे. वारल्यांचं लग्न लावणारी ही बाई. घरात भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला जात असतो तेव्हा ती गाते, देवतांना बोलावते, विधी पुढे नेते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. घांगळीवर कणसरीची कथा लावणारा भगत हा तिसरा. त्याच्याकडे कथा, धान्यदेवतेचं शास्त्र आणि दोन भोपळ्यांचं तंतुवाद्य असं तिन्ही. मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवट्यांची सोंगं निघतात, तिथे सांबळ-सनईवाल्याला सोंगाप्रमाणे ठेका पालटावा लागतो. कथा ठाऊक नसेल तर ठेका चुकतो. म्हणजे इथे कुणीही नुसता संगीतकार नाही. विधी, शेती, चित्र, कथा, नाच यांपैकी एकाशी तरी प्रत्येकाचं गाणं बांधलेलं आहे. रंगभूमीच्या वाटणीने आणि परीक्षेच्या शिडीने जी अट सोडली, ती या डोंगरात कुणी सोडली नाही; सोडायला सांगणारं इथे कुणी आलंच नाही.

याचं रूपडं गोड करून सांगण्यात अर्थ नाही. भात कापून झालं की इथली कितीतरी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. लग्नात डीजे आला आहे. भोपळा पुरता वाळून त्याचा तारपा होईपर्यंत माणूस घरी असावा लागतो. तारपा करणारे हात कमी होत चालले, हे जव्हारमध्ये कुणालाही विचारा. मान मिळाला तो उशिरा. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा आयुष्यभर तारपा करत आणि वाजवत आले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०२६ साली जाहीर झालेली पद्मश्री त्यांच्याकडे आली तेव्हा ते नव्वदीत होते. पुरस्काराने माणसाचा सन्मान होतो, त्याची विद्या पुढच्याच्या हाती जातेच असं नाही. त्यासाठी शिकणारा लागतो, आणि शिकण्याला आजच्या जगात गुणपत्रिकेवर काही तरी दिसावं लागतं.

तशी सोय नियमांत आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद केली. तिच्यात औपचारिक पदवीची अट नाही, कामातलं प्रावीण्य आणि दीर्घ अनुभव लागतो. पाठोपाठ कलाकार आणि कारागिरांना महाविद्यालयांत गुरू म्हणून बोलावण्याची मार्गदर्शक तत्त्वंही आली. क्षेत्रप्रकल्पाची क्रेडिट आहेत, भारतीय ज्ञानप्रणालीची आहेत, हातकामाचा तीस तासांचा हिशेब आहे. तारपा लावण्यापासून वाजवण्यापर्यंतचं काम या रकान्यांत बसतं, आणि बसवायला नवा कायदा लागत नाही.

फक्त एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरने चालणार नाही. तारप्याचा हंगाम नवं भात तयार होण्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंतचा. नेमक्या त्याच दिवसांत पहिल्या सत्राच्या परीक्षा असतात. त्या वेळी मुलं वर्गात कोंडली तर जानेवारीत त्यांना भिंतीवर टांगलेलं वाद्य दाखवावं लागेल. बी टोचायचं जूनमध्ये, फळ काढायचं ते पिकल्यावर, नाच आश्विनात. प्रकल्पाची आखणी या क्रमाने व्हायला हवी, आणि मूल्यमापनाच्या दिवशी परीक्षकाने फेरात उभं राहायला हवं. शिकवणाऱ्या तारपकऱ्याचं मानधन वेळेवर मिळालं पाहिजे. दोन महिने कागद फिरत राहिले तर तो मजुरीला निघून जाईल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाने आणि लोककला अकादमीने, जव्हार-मोखाड्यातल्या महाविद्यालयांनी आणि त्यांच्या अभ्यास मंडळांनी हे येत्या वर्षाच्या विषयपत्रिकेवर घ्यावं. शहरातल्या रचनेच्या विद्यार्थ्याला एक सत्र जामसर-वाळवंड्याकडे पाठवावं, आणि इथल्या मुलामुलींना तारपा, धवलेरीची गाणी, घांगळीची कथा यांपैकी एकावर दुय्यम विषयाची क्रेडिट मिळावीत. ठराव करायचा तर मे संपायच्या आत करावा. पहिल्या पावसाला भोपळ्याचं बी जमिनीत गेलेलं असायला हवं.